उन्हात घातलेले सेल

आमच्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. बाबा मिलच्या मागखात्यात होते. दिवसभर त्या खडखडाटात उभं राहून त्यांचा आवाज जो चढला होता, तो घरी आल्यावरही खाली येत नसे. आणि मायला ऐकू येत नव्हतं. मी चौथीत असताना तिला मोठा ताप आला, दवाखान्यात कितीतरी दिवस सुया टोचल्या, ताप गेला आणि जाताना कान घेऊन गेला. त्यामुळे मीठ मागायचं असो की कोणी वारल्याचं सांगायचं असो, आमच्याकडे सगळं एकाच पट्टीत चाले. नागपूरच्या इंदोऱ्यातल्या आमच्या ओळीत आठ-दहा घरं होती, त्यांपैकी कोणालाही आमच्याकडे आज काय शिजतं आहे हे विचारायला यावं लागत नसे. पुढे कॉलेजात मैत्रिणी मला म्हणाल्या, तू बोलतेस का भांडतेस? तोवर मला वाटत होतं की सगळी घरं अशीच असतात.

माय शिक्षिका होती, महापालिकेच्या शाळेत, दुसरीच्या वर्गावर. धम्मदीक्षा घेतली तेव्हा मी तिच्या पोटात होते, असं ती सांगायची, आणि त्यानंतर मला मांडीवर घेऊन तिने अर्धवट सुटलेली शाळा पुरी केली, ट्रेनिंग केलं. आमच्या ओळीतली ती पहिली बाई. लहान पोरंच नाही, तर तिच्या वयाच्या बायाही तिला ‘बाई’ म्हणत, आणि ते तिला फार आवडे. ते लपवायला तिला जमत नसे. कान गेले तेव्हा नोकरीही गेलीच असं सगळे धरून चालले होते. मायने तसं धरलं नाही. ती बाबांना घेऊन धंतोलीच्या कानाच्या डॉक्टरकडे गेली आणि यंत्र घेऊन आली.

यंत्र म्हणजे साबणाच्या वडीएवढा एक राखाडी डबा, त्यातून निघालेली लांब वायर आणि वायरच्या टोकाला कानात बसवायचं बोंडूक. मायने तिच्या प्रत्येक पोलक्याला आतून खिसा शिवला. डबा त्या खिशात, वायर मानेमागून अंबाड्याखाली, आणि कानावर केस ओढून घेतलेले. वर्गातल्या पोरांना माहीत होतं, पण रस्त्यावरच्या माणसाला कळत नसे. त्या यंत्राची एक खोड होती. कोणी मायच्या फार जवळ गेलं, गळ्यात पडलं, की ते शिट्टी मारायचं, चांगली कान किटवणारी. म्हणून मी जवळ गेले की मायचा हात आधी पुढे येई. “हो बाजूले, ओरडते ते,” ती म्हणे. चौथीपासून पुढे मायच्या गळ्यात पडल्याचं मला आठवत नाही. तेव्हा त्याचं काही वाटत नव्हतं, आता वाटतं.

यंत्राला एक बारीक सेल लागायचा, आणि तो सेल उतरला की आम्ही उन्हात घालत असू. आज हे सांगितलं की नातवंडं हसतात. पण त्या वेळी आमच्याकडे सगळेच घालायचे. टॉर्चचे, रेडिओचे, सगळे सेल मे महिन्यात टिनाच्या छपरावर ओळीने पडलेले असत, एका बाजूला कुरडया, दुसऱ्या बाजूला पापड आणि मध्ये सेल. नागपूरच्या उन्हात दोन तास तापला की मेलेला सेलही थोडा वेळ जिवंत व्हायचा, हे खोटं नाही. ही सेलांची कामगिरी माझ्याकडे होती. तीन सेल पाळीपाळीने चालायचे, एक यंत्रात आणि दोन टिनावर. बारा वाजता वर ठेवायचे, चारला उतरवायचे. मी मॅट्रिकला होते, विज्ञान शिकत होते, बॅटरीच्या धड्यावर मला चांगले मार्क मिळाले होते, आणि तरी मी रोज ते सेल उन्हात घालत होते. धडा धड्याच्या जागी होता आणि टिन टिनाच्या जागी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत माय यंत्र लावायची नाही. “सुट्टीत आयकाले काय ठेवलं हाय? तुह्या बापाचं बोलनं तर असंच आयकू येते,” ती म्हणे, आणि सेल वाचवायची. त्या वर्षी शाळेचा शेवटचा दिवस झाल्यावर तिने यंत्र काढून माझ्या हातात दिलं आणि नेहमीसारखं बजावलं, “सेल काढून ठेवजो वं.” मी हो म्हटलं. त्याच दुपारी मी टिनावरून एक सेल उतरवून यंत्रात टाकला होता. तो चटका देण्याइतका तापलेला होता आणि त्याच्या बुडाशी काहीतरी चिकट सुटलं होतं. मी ते परकराला पुसलं होतं. आता तो काढायचा, तर दारात मैत्रीण उभी होती, आम्हाला तिच्याकडे कैऱ्या खायला जायचं होतं. मी यंत्र तसंच डब्यात ठेवलं, डबा कपाटात ठेवला आणि गेले. पुढचे दीड-दोन महिने मला त्याची आठवण झाली नाही.

सोमवारी शाळा उघडणार होती, आणि आदल्या शनिवारी शाळेचा चपराशी घरी कागद घेऊन आला. एका पालकाने वर अर्ज केला होता की दुसरीच्या बाईंना ऐकू येत नाही, मुलांचं नुकसान होतं. सोमवारी अकरा वाजता शिक्षण खात्याचे साहेब वर्गात येऊन खात्री करून घेणार होते. मायने कागद तीनदा वाचला. मग घडी घातली, परत उघडला. बाबा म्हणाले, काही होत नाही, यंत्र आहे ना. पण चपराशी जाताजाता त्यांच्याजवळ बोलून गेला होता की साहेबांच्या मनात बाईंना वर्गावरून काढून कोठीत बसवायचं आहे, खडू-रजिस्टरं वाटायला. बाबांनी ते मायला सांगितलं नाही. त्यांच्या हळू आवाजात मला मात्र सांगितलं, त्यामुळे ते शेजारच्या दोन घरांनाही कळलं.

रविवारी सकाळी माय अंघोळ करून, केस विंचरून बसली आणि म्हणाली, “यंत्र आन वं. सवय करून घेतो आजच.” मी कपाट उघडलं, डबा उघडला, आणि यंत्राची मागची झाकणी सरकवली तेव्हा ती सरकेना. नखाने ओढली. आत सेल फुगून बसला होता आणि त्याच्या बुडाला पांढरं-हिरवं काहीतरी फुललं होतं. मला त्या क्षणी जे वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. मी केसांची पिन काढून तो सेल उचकटला, पदर नव्हताच तर फ्रॉकच्या टोकाने आत खरवडून पुसलं, आणि तो सेल मागच्या दारातून नालीत टाकला. हे सगळं माय माझ्याकडे पाठ करून चुलीशी बसली असताना. आवाज झाला असेल तर तिला ऐकू येणार नव्हता. मग मी नवा सेल घालून यंत्र तिच्या हातात दिलं.

तिने बोंडूक कानात घातलं, चाक फिरवलं. माझ्याकडे पाहिलं. “बोल,” म्हणाली. मी बोलले. ती माझ्या तोंडाकडेच पाहत राहिली. चाक पुढे, चाक मागे. मग हळूच बोंडूक काढून तिने ते पदराने पुसलं आणि पुन्हा घातलं, जसं काही तिच्या कानातच काही अडकलं असेल.

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते दुपारपर्यंत चाललं. बाबांनी सेल उलटा घालून पाहिला, सुलटा घालून पाहिला. वायर इथे वाकव, तिथे ताण. डबा तळहातावर आपटला, कारण आमचा रेडिओ आपटल्यावर लागायचा. शेजारून दुसरा सेल मागून आणला. मग बाबा म्हणाले, मी लावून पाहतो, आणि त्यांनी बोंडूक स्वतःच्या कानात घातलं. डोळे मिटले. एकदम त्यांचा चेहरा उजळला. “लागलं! लागलं वं! गुंई गुंई आवाज येऊन राहिला.”

मायच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने घाईने बोंडूक घेऊन कानात घातलं आणि काहीच नाही. बाबांनी परत घातलं, पुन्हा गुंई गुंई. मग मी घातलं. आत काही नव्हतं. मी बाबांना म्हटलं, आता बोंडूक कानात नसताना सांगा. ते थोडा वेळ ऐकत उभे राहिले. “आताही येऊन राहिला,” ते म्हणाले. तो आवाज यंत्रातला नव्हताच, मिलमधला होता, वीस वर्षांचा, त्यांच्या कानात राहायला आलेला. ते आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्यांच्याही नाही. एरवी या गोष्टीवर आम्ही महिनाभर हसलो असतो. त्या दिवशी बाबा खाटेवर बसले आणि नुसतंच आपल्या कानाला हात लावून पाहत राहिले.

बाबा सायकलवर धंतोलीला जाऊन आले. डॉक्टर गावाला गेले होते. कंपाउंडर म्हणाला, यंत्र ठेवून जा, मुंबईला पाठवावं लागेल. चुलीवर रविवारचं मटण होतं, त्यात मायने मीठ दोनदा टाकलं, आणि आम्ही तिघांनीही ते मुकाट्याने खाल्लं. मी तर सकाळपासून मुकीच होते. मनात एकच चाललं होतं, की मी पुसलं होतं, नीट पुसलं होतं, म्हणजे बिघाड दुसराच काही असणार. वायर असेल. चाक असेल. देवाला मानायचं नाही असं आमच्याकडे होतं, म्हणून मी वायरलाच विनवत होते की तू तुटलेली निघ.

जेवताना बाबांना त्यांच्या खात्यातल्या एकाचं बोलणं आठवलं. कामठीला छावणीच्या बाजारात एक म्हातारा मेकॅनिक आहे, फौजेत वायरलेस दुरुस्त करायचा, लोक त्याला उस्ताद म्हणतात, रविवारीही दुकान उघडं ठेवतो. बाबांना दुसऱ्या पाळीला जायचं होतं. “तू जाय मायसंगं,” ते मला म्हणाले, “तिले आयकू येत नाही, त्याचं बोलनं तिले सांगजो.” म्हणजे आता मीच मायचे कान होते.

कामठी रोडला आम्ही बस पकडली. उकाडा असा होता की सीटचं रेक्झिन अंगाला चिकटत होतं. मायने यंत्र रुमालात गुंडाळून दोन्ही हातांत धरलं होतं. ती खिडकीबाहेर पाहत होती आणि तिचे ओठ हलत होते. थोड्या वेळाने मला कळलं की ती दुसरीची हजेरी म्हणते आहे, नव्या वर्षाची, पहिलीतून वर आलेल्या ओळखीच्या पोरांची नावं पाठ करते आहे. साहेबांनी नाव विचारलं आणि तिला ऐकू आलं नाही तर निदान चेहऱ्यावरून सांगता यावं म्हणून. मी दुसरीकडे तोंड फिरवलं.

उस्ताद म्हणजे पांढऱ्या दाढीचा, बारीक चणीचा माणूस. कपाळावर भिंग बांधलेलं. दुकानात रेडिओच्या पेट्या छतापर्यंत. त्याने यंत्र उलटसुलट पाहिलं, कानाला लावलं, आणि मग जो प्रश्न कोणीच विचारला नव्हता तो पहिल्याच दमात विचारला. “आखरी बार कब चला था? और उस वक्त जो सेल था, वो किधर है?”

मी म्हटलं, फेकला.

“देखके फेका, या बिना देखे?”

मी रेडिओच्या पेट्यांकडे पाहू लागले. माय माझ्याकडे पाहत होती, तो काय म्हणतो ते मी सांगेन म्हणून. उस्तादाने एकदा मायकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पाना-पेचकस पुढे ओढले. “नहीं बताएगी तो पूरा खोलना पड़ेगा. बारीक माल है. खोलने में अंदर का टूटा तो मेरे पास उसका पार्ट नहीं.” आणि त्याने पेचकस पहिल्या स्क्रूवर टेकवला.

तेव्हा मी बोलले. मायच्या शेजारी बसून, तिच्या खांद्याला माझा खांदा लागलेला असताना, साध्या आवाजात मी त्याला सगळं सांगितलं. ऊन, चिकट पाणी, डबा, मैत्रीण, कैऱ्या, पिन, नाली. माय तिथेच होती आणि तिला एक शब्द ऐकू येत नव्हता. असं भित्रं धैर्य मी आयुष्यात पुन्हा कधी केलं नाही.

उस्तादाने पेचकस खाली ठेवला. “धूप में सेल भरता नहीं बेटा, पसीजता है. जो पसीना छूटता है वो तांबा खा जाता है.” त्याने भिंग डोळ्यावर घेतलं आणि सेलच्या घरातली पितळी पट्टी चिमट्याने उचलली. वरून ती लख्ख होती, मी पुसलीच होती. मागच्या अंगाला मात्र तिला जोडलेली बारीक तार हिरवी भुकटी होऊन गेली होती, चिमटा लागताच गळून पडली. त्याने एका जुन्या टॉर्चमधून पट्टी कापली, घासली, नवी तार डाखली. कथिलाचा धूर निघाला. मग त्याने सेल घातला, यंत्र मायपुढे केलं, आणि मला विचारलं, “माँ को बताया?” मी मान हलवली, नाही. तो म्हणाला, “बता देना.”

मायने बोंडूक कानात घातलं, चाक फिरवलं. बाजारात एक टांगा चालला होता. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. मग उस्तादापुढे हात जोडले आणि बराच वेळ ते सोडले नाहीत.

परतताना तिने यंत्र बंद करून ठेवलं, सेल वाचवायला. मी ठरवलं होतं की बसमध्ये सांगायचं, पण सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं, भरलेल्या बसमध्ये. घरी गेल्यावर सांगू म्हटलं. घरी बाया विचारपूस करायला आल्या. मग भाकरी टाकायच्या होत्या. कारणं मिळत गेली आणि मी ती घेत गेले.

सोमवारी सकाळी माय इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसली. मग यंत्र आणि कोरा सेल माझ्यापुढे ठेवला. “टाक,” म्हणाली.

“मी?”

“मंग कोन? तुह्यच काम हाय ना ते.”

सेल दोनदा निसटला. ती उभी राहून पाहत होती. मी दुसरा एक कोरा सेल मुठीत घेतला आणि म्हटलं, मी येते तुझ्यासोबत, ऐन वेळेला लागला तर. ती चल म्हणाली.

साहेब अकराला पाच मिनिटं कमी असतानाच आले. मी व्हरांड्यात, वर्गाच्या खिडकीशी उभी होते, सेल घामाने ओला झालेला. साहेबांनी मायला फळ्याकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं आणि स्वतः सगळ्यांत मागे, भिंतीजवळ गेले. मायला मागचं काही दिसत नव्हतं. बसमध्ये पाठ केलेली हजेरी आता कामाची नव्हती. साहेबांनी एका मुलीला हलक्या आवाजात विचारलं, घरी कोण कोण असतं? ती पुटपुटली. “बाई, ही काय म्हणाली?”

“आजी आणि दोन बकऱ्या,” माय फळ्याकडे पाहत म्हणाली. पोरं हसली. साहेबांनी दुसऱ्या मुलाला विचारलं, आज काय खाल्लंस? “कालची भाकर, साहेब,” मायने सांगितलं. साहेबांनी वहीत काही लिहिलं. मग ते कोपऱ्यातल्या एका बारक्या पोराजवळ वाकले आणि त्याच्या कानात बोलल्यासारखं काहीतरी बोलले.

“आता सांगा बाई, यानं काय उत्तर दिलं?”

मायच्या हातात खडू होता, तो फळ्याजवळ तसाच थांबला. मी मोजत नव्हते, पण फार वेळ गेला. साहेबांनी मान वर केली. मला वाटलं, गेलं. तार सुटली. मी सेल नीट बसवला नाही. मी खिडकीच्या गजाला धरलं आणि आत ओरडणारच होते, काय ओरडणार होते ते माझं मलाही माहीत नव्हतं.

“काही नाही बोलला, साहेब,” माय म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं नाही. “भेला तो.”

साहेब त्या पोराकडे पाहत राहिले. त्याने खरंच तोंड उघडलं नव्हतं. तो डोळे मोठे करून साहेबांच्या बुटांकडे पाहत होता. साहेबांनी वही मिटली, ठीक आहे बाई, चालू द्या म्हणाले, आणि गेले.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी निघालो. फाटकाबाहेर लिंबाचं झाड होतं, तिथे माय थांबली आणि तिने चपलेतला खडा काढला. यंत्र चालूच होतं. मी म्हटलं, “माय, सेल मीच काढला नव्हता. सुट्टीभर आतच राहिला. मी गपचूप फेकून देला.” आणि मग माझ्या लक्षात आलं की मी हे हळू बोलले. चौथीनंतर पहिल्यांदा मी मायशी हळू बोलले होते आणि तिला ते ऐकू गेलं होतं.

“माहीत हाय,” ती म्हणाली.

“उस्तादानं सांगितलं?”

“तो काहून सांगीन? कालच्या सकाळपासून तू गप होती. आपल्या घरात कोनी गप राहते का वं?”

“मंग तू विचारलं काहून नाही?”

“तू सांगशीन म्हून.” तिने चप्पल पायात घातली. “भेलं लेकरू की त्याले वेळ द्या लागते.”

मला रडू फुटलं, रस्त्यावर, मॅट्रिकला असलेल्या घोडीला. मी तिच्या गळ्यात पडले आणि यंत्राने शिट्टी मारली, जोरात, रस्त्यावरचे दोन सायकलवाले थांबून पाहू लागले. मी घाईने मागे होऊ लागले, पण मायने मला सोडलं नाही. यंत्र ओरडत होतं आणि तिने ते ओरडू दिलं.